आजीचे फुलं-झुबे मोडू का ठेवू? फिरकी बसेना आणि कानाचं भोक पण ओघळलंय

जुळेसोलापूरची_सून:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. दिवाळीत आईनी आजीचा (आईची आई, बार्शीकडची) कानातल्यांचा डबा माझ्या हातात दिला. बिस्किटाचा पत्र्याचा डबा, आत सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळलेल्या पुड्या. फुलं-झुबे, त्याला लावायचे मोत्याचे वेल, एक जोड बुगड्या आणि कुडी मात्र एकच. दुसरी कुडी कुठं गेली ते कुणीच सांगत नाही, प्रत्येक मावशी दुसऱ्या मावशीकडं बोट दाखवते, असो.

आता मे महिन्यात दिराचं लग्न आहे, होटगी रोडला कार्यालय घेतलंय, आणि सासूबाई म्हणतात की तेच घाल, बुगडी पण घाल, आजकाल कुणाकडं असतंय असलं. मला घालायचंच आहे पण अडचणी बघा. एक म्हणजे झुबे फुलासकट किचनच्या काट्यावर १९ ग्रॅम भरले, म्हणजे एका कानाला साडेनऊ. माझ्या डाव्या कानाचं भोक ओघळलंय, कॉलेजात असताना गड्ड्याच्या जत्रेतनं घेतलेल्या बांगडीएवढ्या रिंगा घालून हिंडायचे त्याची फळं. भोक आता गोल नाही, उभं तांदळाच्या दाण्यासारखं दिसतंय. झुबा घातला की फूल पुढं वाकून जमिनीकडं बघायलंय.

दुसरं म्हणजे फिरकी. एका कानातल्याची फिरकी दोन वेढे जाते आणि अडकते, दुसऱ्याची नुसती गरगर फिरते आणि पडते. गावातल्या एका दुकानात नेलं तर त्यानं बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाला आटे गेलेत मॅडम, असलं आता कोण दुरुस्त करत नाही, मोडून टाका, ह्याच्यात छान लाइटवेट टॉप्स आणि वर एक अंगठी बसेल. घरी येईस्तोवर माझं पण मन डळमळलं. तिसरं, बुगडीसाठी कानाची वरची कड टोचलेली नाही. आता टोचली तर मेपर्यंत बरी होईल का?

कुणी असलं जुनं घालत असाल तर सांगा, नुसतं "वाव छान" नको.

कडकभाकरी:
वाव छान 😀
बरं आता सीरियसली ताई, मोडू नका. सोनं काय पुन्हा मिळेल, झुबा मिळणार नाही. बाकी दागिन्यातलं आपल्याला कळत नाही, आपण बाळीवेशीत राहतो एवढाच आपला आणि बाळीचा संबंध.

पूर्वभागातली_अक्का:
अगं मोडू नको गं बाई. आणि तुझी निम्मी अडचण तर त्याच डब्यात सुटलेली आहे, वेल आहेत म्हणतेस ना? मग वेल न लावता नुसते झुबे घालून बघितलेस ना, खरं सांग. सगळ्या पोरी हेच करतात. वेल म्हणजे शोभेची माळ वाटते त्यांना. ती शोभा नाही, ती दोरी आहे.

आमच्या घरी (आम्ही तेलुगू, पद्मशाली, आजोबा मागावर होते) ह्याला माटीलु म्हणतात. झुमक्याला बुट्टलु, साध्या कानातल्याला कम्मलु. माझी नानम्मा (आजी) रोज कम्मलु आणि सणाला बुट्टलु-माटीलु घालायची, आणि सत्तरीत पण तिच्या कानाचं भोक शाबूत होतं, टाचणीएवढं. कारण वजन पाळीवर येतच नव्हतं. ते सगळं केसावर जायचं.

घालायची पद्धत सांगते, नीट वाच. आधी केस बांधायचे, नंतर कानातलं. उलटं केलंस की वेल ढिला पडतो. फुलाची दांडी कानातनं आरपार आली की मागच्या बाजूनं आधी वेलाची कडी तिच्यात घालायची, मग फिरकी आवळायची. आता वेलाचं दुसरं टोक, त्याला आकडा असतो, ते कानाच्या वरनं नेऊन केसात अडकवायचं. आणि इथंच घोटाळा होतो. आकडा अडकवताना झुबा दुसऱ्या हातानं थोडासा वर उचलून धरायचा, अगदी भाताचं शीत जाईल एवढा, आणि मग आकडा केसात रोवायचा. हात सोडलास की झुबा वेलाला लटकला पाहिजे, पाळीला नाही. आरशात बघ, पाळी खाली ओढल्यासारखी दिसली तर वेल लांब झालाय. तेव्हा आकडा अजून मागं घ्यायचा.

जुन्या बायका घट्ट आंबाडा घालायच्या, तेल लावलेलं असायचं, आकडा हलायचा नाही. तुमचे केस शॅम्पूनं सुळसुळीत आणि वर मोकळे सोडणार, मग वेल घसरणारच ना. त्यावर उपाय म्हणजे कानावरच्या केसांची एक बारीक वेणी घालायची किंवा पिळा देऊन यू पिन लावायची आणि आकडा त्या पिनेत अडकवायचा. वरनं गजरा आला की काही दिसत नाही.

शेजारी आमच्या कानडी काकू आहेत, त्या बुगडीला बुगुडीच म्हणतात. त्यांची फुलासारखी खड्यांची बेंडोले असतात, ती पाळीला चिकटून बसतात, लोंबत नाहीत, म्हणून जड असली तरी भोक ओघळत नाही. ओघळायला नुसतं वजन पुरत नाही, लोंबणं आणि हिसके पण लागतात. तुझ्या गड्ड्याच्या रिंगा हलक्याच असतील, पण स्कूटीवर ओढणीत अडकून किती हिसके बसले असतील आठव.

जुळेसोलापूरची_सून:
अक्का, खरं सांगते, वेल न लावताच घातले होते 🙈 मला वाटलं वेल फोटोपुरते असतात. आणि ओढणीचं तर असं बरोबर सांगितलंस की जणू मागच्या सीटवर बसली होतीस.

लॉकरची_किल्ली:
मी जरा उलटं बोलते, राग मानू नका. माझ्या आजेसासूबाईंचे काप आणि झुबे अकरा वर्षं लॉकरमधे होते. लॉकरचं भाडं मी भरायचे, वर्षातनं एकदा उघडून बघायचे आणि परत कुलूप. मागच्या वर्षी मोडले. त्याचे छोटे टॉप्स केले, रोज ऑफिसला घालते, हात लावला की आजेसासूबाई आठवतात. लॉकरमधे होत्या तेव्हा आठवत नव्हत्या. दागिना अंगावर पाहिजे एवढंच माझं म्हणणं. तुम्ही खरंच घालणार असाल तर ठेवा, एका लग्नापुरतं असेल तर विचार करा.

फिरकी_आणि_सांडस:
मी सराफ कट्ट्यावर कारागीर आहे, दुकान माझं नाही, त्यामुळं मोडा म्हणण्यात किंवा ठेवा म्हणण्यात माझा फायदा काही नाही. वहिनी, आधी फिरकीचं बघू.

दोन वेढे जाऊन अडकते आणि दुसरी गरगर फिरते, हे वाचल्या वाचल्या मला एकच वाटलं. फिरक्यांची अदलाबदल झालीय. आता मशीनवर आटे पाडतात, कुठलीही फिरकी कुठल्याही दांडीला बसते. पूर्वी कारागीर हातानं आटे पाडायचा, आणि एकाच जोडीतल्या दोन दांड्या पण सारख्या जाडीच्या नसायच्या, एक केसभर जाड एक बारीक. प्रत्येक दांडीची फिरकी वेगळी. बारक्या दांडीची फिरकी जाड दांडीवर चढवली की अडकणार, जाड दांडीची बारक्यावर गरगर फिरणार. तुमचं दोन्ही होतंय. आटे गेले असते तर दोन्ही फिरक्या ढिल्या झाल्या असत्या, एक ढिली आणि एक घट्ट असं झालं नसतं.

जुने कारागीर ह्यासाठी खूण करायचे. एका दांडीच्या बुडाशी, म्हणजे फुलाच्या पाठीमागं जिथं दांडी डाख देऊन जोडलेली असते तिथं, कानशीनं एक बारीक खाच, आणि तिच्याच फिरकीच्या कडेला तसलीच खाच. दुसऱ्या जोडीला काहीच नाही. उजेडात भिंग घेऊन बघा. पन्नास वर्षांचा मळ बसला असेल तर खाच दिसणार नाही, मग कोमट पाण्यात रिठा घालून जुन्या मऊ टूथब्रशनं फक्त दांडी आणि फिरकी घासा. मोत्याला पाणी लावू नका, लिंबू चिंच तर अजिबात नको, मोती आंबटानं खराब होतो. आणि काहीही झालं तरी पक्कड लावू नका, हातानं जेवढी फिरते तेवढीच.

दुसरं. कुणी दांडी बदलून डाख देतो म्हटलं तर आधी विचारा की आत लाख आहे का. जुनी फुलं पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते, म्हणून ती दाबली तरी चेपत नाहीत. आग लावली की लाख वितळून बाहेर येते आणि फूल बसतं. लाखेचं काम येणाऱ्याकडंच द्यायचं.

आता मोडायचा हिशोब. काट्यावर १९ दिसले म्हणजे १९ ग्रॅम सोनं नव्हे. लाख वजा, मोती खडे वजा, आणि जुन्या डागात (दागिन्यात) डाख जास्त असतो त्यामुळं गाळल्यावर कस उतरतो. पूर्वी २२ कॅरेट म्हणून केलेला डाग मशीनवर २० च्या आसपास दाखवतो असं रोज बघतो आम्ही. मग त्या पैशात नवीन घेताना नवीन मजुरी, आणि वर ३ टक्के जीएसटी. म्हणजे टॉप्स आणि अंगठी बसेल म्हणतात ते बसेल, पण आजीनं दिलेलं वजन हातात येणार नाही. ह्या झुब्याची मजुरी आजीनं एकदा देऊन झालीय, मोडल्यावर ती शून्य. लॉकरची किल्ली ताईंचं पण चूक नाही, घालायचं नसेल तर मोडावं, फक्त हिशोब बघून मोडावं.

आणि एक, हॉलमार्क नाही म्हणून घाबरवतात काही लोक. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं बंधनकारक झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी (डागाचा ओळख क्रमांक) नसलेला डाग सराफाला विकता येत नाही. बंधन सराफाच्या विक्रीवर आहे. तुमच्या घरातल्या जुन्या डागाला कुणी काही म्हणत नाही, ठेवा, घाला. दोन ग्रॅमच्या आतल्या डागाला सक्ती नाही, म्हणून बारक्या टॉप्सवर शिक्का दिसला नाही तर दचकू नका, पण पावतीवर कॅरेट लिहून घ्या.

कडकभाकरी:
हे खरं, सोनारानंच कान टोचावेत.

जुळेसोलापूरची_सून:
दादा, खरंच धन्यवाद, एवढं कोण सांगतं. भिंग नाहीये घरी, सासऱ्यांचा पेपर वाचायचा चष्मा चालेल का? रात्री पोरं झोपली की बघते.

ओपीडी_संपली:
कानाचं विचारलंय म्हणून लिहिते, मी त्वचारोगात आहे. कान बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही, तरी.

भोक तांदळाच्या दाण्याएवढं आहे आणि खालची कड अजून जाड आहे, तोवर वेल लावून काही तास घालायला हरकत दिसत नाही. अंगठा आणि बोटात पाळी धरून भोकाच्या खालचा भाग चाचपून बघा. कागदासारखा पातळ लागला तर झुबे नकोत, एका हिसक्यात चिरेल. चिरलेली पाळी शिवता येते, जागा बधिर करून करतात, लहान काम आहे, ॲडमिट व्हावं लागत नाही. पण शिवल्यावर टाके निघाले की लगेच टोचून चालत नाही, काही महिने थांबून व्रणाच्या बाजूला नवीन भोक पाडतात. म्हणजे मेच्या लग्नासाठी आता तो घाट नको, लग्न झाल्यावर निवांत करा. फूल पुढं वाकतंय त्यासाठी फिरकीच्या आत, पाळीच्या मागं एक मोठी पातळ चकती घाला. भार पसरतो आणि फूल ताठ राहतं. पारदर्शक टेपचे पॅच पण मिळतात, पण सोलापूरचा मे आणि कार्यालयातली गर्दी, घामानं तासाभरात सुटतील.

बुगडीसाठी मात्र आता टोचू नका. पाळी मांसाची आहे, सहा ते आठ आठवड्यात बरी होते. वरची कड कुर्चेची, म्हणजे मऊ हाडासारखी, तिथं रक्तपुरवठा कमी, बरी व्हायला तीन-सहा महिने, कधी वर्षभर. त्यात पू झाला तर कुर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो, तसे कान मी बघितलेत. टोचायचंच असेल तर थंडीत, निर्जंतुक सुईनं, तिथं गन कधीच नाही. आता लग्नाला चापाची बुगडी घ्या, दाबून बसते.

अजून एक, लग्नात बाकीच्या दिवशी आर्टिफिशियल घालणार असाल आणि कान खाजून लाल होत असतील तर ते बहुतेक निकेल असतं. आम्ही उन्हाळ्यात हे लई बघतो, घामानं धातू सुटतो आणि कातडीला लागतो. नेलपॉलिशचा थर लावतात बायका दांडीला, तात्पुरता चालतो, घासला गेला की परत तेच.

पूर्वभागातली_अक्का:
मॅडम, आमच्यात बाराव्या दिवशी कान टोचायचे आणि भोकात कडुलिंबाची काडी ठेवायचे खोबरेल हळद लावून, ते चालतं का हो?

ओपीडी_संपली:
अक्का, काडीपेक्षा सोन्याची बारीक बाळी बरी, आणि हळद जखमेत नको. एवढ्या लहान बाळाला टोचण्यापेक्षा पहिल्या लसी झाल्यावर टोचा असं मी आयांना सांगते. पण आजी लोक माझं ऐकत नाहीत 🙂

भिकबाळी_घातलेला_पोरगा:
इथं सगळ्या ताई-वहिनी दिसायलेत, मी पण घुसतो. मी इंजिनिअर आहे, पुण्यात जॉब, उजव्या कानाच्या वरच्या बाजूला भिकबाळी आहे, दोन मोती आणि मधे लाल खडा. घरी आलो की बाबा म्हणतात बायकांसारखं काय घातलंय. आता सांगा, पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं बघा, कानात मोत्याचे चौकडे आहेत. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला विठोबाच्या कानात मकरकुंडलं आहेत, माशाच्या आकाराची. नाथपंथी कानफाटे तर कानाची मधली कुर्चाच फाडून कुंडल घालतात. माझे आजोबा (मंगळवेढ्याकडचे, मेंढरं होती) दोन्ही कानात सोन्याच्या बाळ्या घालायचे, आणि तो फोटो बाबांनी स्वतः फ्रेम करून हॉलमधे लावलाय. त्या फोटोखाली बसून मला बोलतात.

भिकबाळी नावाचं आमच्याकडं असं सांगतात की ज्या घरात पोरं जगायची नाहीत तिथं भीक मागून आणलेल्या पैशातनं पोराला बाळी करायचे.

आणि ओपीडी मॅडमचं शंभर टक्के खरं. माझी जागा बरी व्हायला आठ महिने गेले, हेल्मेट काढताना जीव जायचा. उशीवर त्या कुशीला झोपता यायचं नाही.

कडकभाकरी:
आजोबांचा फोटो दाखवून बाबांना एकदा विचार की बे.

भिकबाळी_घातलेला_पोरगा:
विचारलं. म्हणले, त्यांच्याकडं मेंढरं होती, तुझ्याकडं काय आहे.

लॉकरची_किल्ली:
😂😂 बाबा जिंकले.

जुळेसोलापूरची_सून:
अपडेट द्यायला आले. काल रात्री सासऱ्यांचा चष्मा लावून टेबललॅम्पखाली बसले. आधी काहीच दिसेना, दांडीच्या बुडाशी काळं काळं. रिठ्याच्या पाण्यात ब्रश बुडवून हळूहळू घासलं, हळदीकुंकवाचा का साबणाचा का कशाचा तो मळ, पिवळट पाणी निघालं. आणि मग एका दांडीच्या मुळाशी दिसली, नखानं ओढल्यासारखी एवढीशी तिरकी खाच. फिरकी घेतली, कडेला बोट फिरवलं तर आधी बोटाला लागली मग डोळ्याला दिसली. आणि ती फिरकी इतके दिवस मी दुसऱ्याच झुब्यावर चढवत होते!

अदलाबदल केली. दोन्ही शेवटपर्यंत गेल्या, आवाज न करता. मी एकटीच किचनमधे रात्री साडेअकराला हसायलेय, नवरा उठून बघायला आला काय झालं म्हणून.

मग अक्कानं सांगितलं तसं केस बांधून, पिळा देऊन, यू पिन लावून वेल घातले. पहिल्यांदा लांब राहिला, पाळी ओढली जात होती. पिन बोटभर मागं घेतली तेव्हा जमलं. मागं चकती म्हणून सध्या जुन्या टॉप्सची प्लॅस्टिकची टिकली लावलीय, पण फूल सरळ समोर बघायलंय. पाळी चाचपली मॅडम, जाड आहे अजून. अर्धा तास घालून भांडी घासली, दुखलं नाही.

लॉकरची किल्ली ताई, मी पण ठरवलंय, लग्नापुरतं नाही, संक्रांत, गौरी आणि गड्ड्याला अक्षता बघायला जाताना घालायचेच. गर्दीत नको म्हणतील सगळे, बघू. बुगडी चापाची घेणार, आजीच्या बुगड्या पुढच्या थंडीत हिंमत झाली तर.

सकाळी आईला फोन करून खाचेचं सांगितलं. ती म्हणाली अगं ती खुणेची फिरकी उजव्या कानाची, आई घालताना बोटानं चाचपून बघायची, आम्हाला वाटायचं तिची सवय आहे. आणि मग म्हणाली की दुसरी कुडी बहुतेक धाकट्या मावशीकडं आहे, पण माझं नाव सांगू नको.

फिरकी_आणि_सांडस:
चांगलं झालं वहिनी. आता डब्यात ठेवताना फिरक्या काढून वेगळ्या पुडीत ठेवू नका, आपापल्या दांडीवर चढवूनच ठेवा. आणि ती एकटी कुडी कधी घेऊन या, जोड करून देतो. मावशीनं दिली नाही तर.